गव्हाण रिकामी राहू नये म्हणून

प्रस्तावना

उजनी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या ऊसपट्ट्यात ‘नो केन’ या दोन शब्दांचा अर्थ शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतो. बॉयलर पेटलेला आहे, वाफ आहे, मिलमध्ये बिघाड नाही, पाळीवरची माणसं जागेवर आहेत. फक्त गव्हाणीत टाकायला ऊस नाही. माझे वडील, आमचे आण्णा, स्लिप बॉय होते. कुणाची लागण कधीची, कुणाची तोड कधी, कोणती टोळी कोणत्या शिवारात, याची वही त्यांच्या सायकलीच्या कॅरिअरला कायम बांधलेली असायची. हंगामात गव्हाण रिकामी राहिल्याचं कळलं की त्या रात्री त्यांना घास गोड लागत नसे. कारखाना ऊस खात नसला तरी पैसा खातच असतो, असं ते म्हणायचे.

पुढे मी जीवशास्त्राकडे वळले. पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमची आकृती पहिल्यांदा वहीत काढली तेव्हा मला आण्णांची वही आठवली. रायबोसोम हा पेशीतला सगळ्यांत खर्चिक कारखाना. त्याला कच्चा माल म्हणजे अमिनो आम्लं लागतात, आणि ती थेट येत नाहीत. टी-आरएनए नावाच्या छोट्या रेणूंवर लादून आणावी लागतात. प्रत्येक टी-आरएनएवर एकाच जातीचा माल. हवी ती गाडी वेळेवर आली नाही तर रायबोसोम जागेवर थांबतो, आणि त्याच्यामागे, जनुकाचा निरोप घेऊन आलेल्या त्याच धाग्यावर चढलेले बाकीचे रायबोसोमही थांबतात. पेशी किती वेगाने वाढणार, हे बऱ्याच अंशी या थांबण्यावर ठरतं. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. तो छोटा वाटतो, पण मी त्यात पंधरा वर्षं घालवली आहेत आणि तो संपला असं मला अजून वाटत नाही.

विषयाची मूळ गोष्ट बारावीच्या पुस्तकात असते, म्हणून ती झटपट सांगते. जनुकाची लिपी चार अक्षरांची. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांतून असे ६४ शब्द होतात. त्यांतले ३ पूर्णविरामाचे. उरलेले ६१ शब्द २० अमिनो आम्लांसाठी. म्हणजे शब्द जास्त, अर्थ कमी. ल्युसिन, सेरिन आणि आर्जिनिन यांना प्रत्येकी ६ शब्द आहेत. मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना मात्र एकेकच. हा शब्दकोश १९६१ पासून उलगडत गेला. त्या वर्षी मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी पहिला शब्द वाचला. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधल्या एका टी-आरएनएची अक्षरं क्रमाने लावून दाखवली. मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी प्रयोगशाळेत हवे तसे आरएनएचे धागे घडवून उरलेल्या शब्दांचे अर्थ पक्के केले. १९६८ चं नोबेल नीरेनबर्ग, हॉली आणि खुराना या तिघांना मिळालं.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक येतं आणि एक वाक्य लिहून थांबतं: एकाच अमिनो आम्लाचे शब्द समानार्थी असल्यामुळे त्यांच्यातला बदल ‘मूक’ असतो. माझं सगळं काम या ‘मूक’ शब्दाशी भांडण्यात गेलं.

आपल्याच भाषेत पाहा. पाणी, जल, नीर, उदक. अर्थ एकच. पण रानात तहानलेल्या माणसाने पोराला “उदक आण” म्हटलं तर पोरगं आणेल, फक्त आधी क्षणभर थांबेल. “पाणी आण” म्हटल्यावर ते थांबत नाही, कारण तो शब्द त्याच्या कानाला रोजचा आहे. पेशीचंही तसंच. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत ल्युसिनसाठी सीयूजी हा शब्द भरपूर वापरला जातो, सीयूए क्वचित. सीयूजी वाचणाऱ्या मुख्य टी-आरएनएची ४ जनुकं त्याच्याकडे आहेत, सीयूए वाचणाऱ्याचं १. रोजच्या शब्दाला गाड्या जास्त, आडवळणी शब्दाला एखादीच. १९८१ मध्ये जपानच्या तोशिमिची इकेमुरा यांनी हे मोजून मांडलं: ई. कोलायमध्ये ज्या टी-आरएनएचा साठा मोठा, त्याने वाचले जाणारे कोडॉन जास्त वापरले जातात. आणि जी प्रथिनं पेशीला सर्वांत मोठ्या प्रमाणात लागतात, त्यांच्या जनुकांत तर जवळजवळ फक्त तेच रोजचे शब्द असतात.

आता वाढीकडे येते, कारण गैरसमज इथेच होतो. बहुतेकांना वाटतं, रोजचे शब्द वापरले की त्या एका जनुकाचं प्रथिन जास्त बनतं. कधी बनतं, कधी नाही. खरा हिशोब एका जनुकाचा नसतो, सगळ्या कारखान्याचा असतो. भरपूर खाद्य मिळालेला ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. तेव्हा त्याच्या एका पेशीत सुमारे ७० हजार रायबोसोम असतात. खाद्य अपुरं असेल आणि दुप्पट व्हायला पावणेदोन तास लागत असतील, तर जेमतेम ७ हजार. एक रायबोसोम जोरात चालत असला तर सेकंदाला १५ ते २० अमिनो आम्लं जोडतो. म्हणजे वेगाने वाढायचं तर रायबोसोम जास्त हवेत, आणि नवे रायबोसोम बांधायचे ते आधीच्या रायबोसोमांनीच. त्यातले काही एखाद्या दुर्मिळ शब्दापाशी अडकून राहिले, तर त्या शब्दाच्या जनुकाचं नुकसान नंतरचं. आधी नुकसान होतं ते मोकळ्या रायबोसोमांच्या संख्येचं, म्हणजेच सगळ्या पेशीचं. तोडीला उशीर एका शेतकऱ्याच्या फडात झाला तरी मिल सगळ्यांची थांबते, तसं. ग्झेगोश कुडला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एकाच हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची १५४ जनुकं लिहिली. अर्थ तोच, शब्द वेगळे. प्रथिन किती बनलं यात २५० पटींचा फरक पडला, पण तो मुख्यतः धाग्याच्या सुरुवातीला पडणाऱ्या घड्यांमुळे. शब्दांच्या निवडीचा ठसा उमटला तो दुसरीकडे, पेशींच्या वाढीवर.

महाराष्ट्रात या ज्ञानाने शेतात पाऊल ठेवलं ते जालन्यातून. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जीवाणूतलं बोंडअळी मारणारं प्रथिन कापसाच्या झाडात बनवायचं होतं. पण जीवाणूचं जनुक झाडात जसंच्या तसं घातलं तर प्रथिन अगदीच थोडं बनायचं. त्या जनुकात ए आणि टी या अक्षरांची गर्दी होती. झाडाच्या पेशीला ते शब्द परके होते आणि काही ठिकाणी तर ती त्यांना ‘इथे धागा संपला’ अशी खूण समजायची. १९९१ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक पर्लाक आणि सहकाऱ्यांनी प्रथिनाचा अर्थ तोच ठेवून जनुक झाडाच्या बोलीत पुन्हा लिहिलं. प्रथिनाचं प्रमाण १०० पटींपर्यंत वाढलं. असं जनुक भारतीय कापसात आणलं ते बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात उभ्या केलेल्या महिको कंपनीने, आणि लागवडीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. बीटीने कापूसवाल्याचं किती भलं झालं, गुलाबी बोंडअळी पुन्हा का उलटली, हे मोठे आणि गंभीर प्रश्न आहेत. त्यांची चर्चा इथे घाईने करणं शेतकऱ्यावर अन्याय होईल. मला एवढंच नोंदवायचं आहे की मराठवाड्यातल्या लाखो एकरांवर जे पेरलं गेलं, त्याच्या गाभ्याशी समानार्थी शब्दांची निवड होती.

दुसरं उदाहरण आपल्या दंडातलं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशील्ड ही करोनाची लस उजनीकाठच्या गावांतल्या कित्येकांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभं राहून घेतली. त्या लशीतलं करोना विषाणूच्या काट्याचं जनुक माणसाच्या पेशीला रोजच्या वाटणाऱ्या कोडॉनमध्ये पुन्हा लिहिलेलं होतं. मूळ करोना विषाणूचे शब्द तिच्यात नव्हते. भीमेतून पुण्याकडचं पाणी उजनीत येतं, तसं हे शब्दांतरही त्याच वाटेने गावात आलं, आणि ते आलं आहे हे कुणाला सांगितलं गेलं नाही. हे पुस्तक लिहिण्याचं ते एक कारण आहे.

आता ज्या दोन प्रयोगांसाठी मी या पुस्तकाची निम्मी पानं खर्ची घातली, त्यांच्याकडे येते. दोन्हींत दीपा आगाशे यांचं नाव आहे. त्यांची प्रयोगशाळा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आहे.

पहिला प्रयोग २०१३ चा, मेथिलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्स नावाच्या जीवाणूवरचा. त्याच्या एका कळीच्या विकराचं जनुक घेऊन त्यातले शब्द बदलले, अर्थ कायम ठेवला. एका प्रतीत सगळे दुर्मिळ शब्द घातले. त्या जीवाणूची तग धरण्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली. अपेक्षेसारखंच. मग दुसऱ्या प्रतीत सगळे रोजचे, वारंवार वापरले जाणारे शब्द घातले. तेव्हा ती ताकद ९० टक्क्यांनी घटली! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं सगळं गणित कोलमडलं. गाड्या भरपूर असलेले शब्द, आणि तरीही गव्हाण रिकामी? उत्तर असं निघालं की ते ‘चांगले’ शब्द शेजारी-शेजारी आल्याने धाग्यावर असे तुकडे तयार झाले, ज्यांना रायबोसोम चिकटून बसतो. शब्द चांगला की वाईट, हे त्याच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून आहे. लेखन करणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. मला मात्र तेव्हापासून ‘चांगला कोडॉन’ हा शब्दप्रयोग न अडखळता करता आलेला नाही, आणि या पुस्तकातही तो फार जपून वापरला आहे.

दुसरा प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि तो समजून घेण्यासाठी उजनीच्या काठावर यायलाच हवं.

उजनी धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये झाली, काम १९८० मध्ये पुरं झालं. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांच्या कडा पाण्याखाली गेल्या. आमचंही जुनं गाव गेलं. धरणात पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृत साठा आणि साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. उपयुक्त साठा संपला की धरण ‘मायनसमध्ये’ जातं. काठावरची माणसं टीव्हीवरच्या बाजारभावाआधी हा आकडा विचारतात: मायनस किती, प्लस किती. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ उतरलं होतं. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं होतं, लोक बुडालेल्या गावाच्या वाटा शोधत चालत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं.

अशा ठिकाणी टोळ्या किती बांधायच्या, हा मुकादमाचा आणि कारखान्याचा दरवर्षीचा जीवघेणा प्रश्न असतो. हंगामाच्या आधी टोळ्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते. पाणी चांगलं, ऊस अमाप असं साल आलं तर जितके कोयते जास्त तितकं गाळप जोरात. टोळ्या कमी बांधलेला कारखाना तेव्हा मागे पडतो. पण पाणी मायनसमध्ये गेलेलं असेल, रानात ऊसच नसेल, तर जास्तीच्या टोळ्यांना दिलेली उचल अंगावर येते. टोळ्या तेवढ्याच असतात आणि उचलही तितकीच असते. सालामुळे तिचा नफा किंवा तोटा होतो.

ई. कोलायच्या जनुकसंचात टी-आरएनएची ८६ जनुकं आहेत. त्यांतली बरीच एकमेकांच्या हुबेहूब किंवा जवळजवळ सारख्या प्रती. इतक्या कशाला? पार्थ रावल, दीपा आगाशे आणि जर्मनीत प्लॉन येथील माक्स प्लांक संस्थेच्या जेना गॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘जास्तीच्या’ प्रती एकेक, काही गटागटाने काढून टाकल्या आणि उरलेल्या जीवाणूंची वाढ मोजली, खाद्याने भरलेल्या माध्यमात आणि खाद्य कमी असलेल्या माध्यमात. भरल्या माध्यमात प्रती गमावलेले जीवाणू मागे पडले. कमी खाद्याच्या माध्यमात मात्र त्यांतले अनेक मूळ जीवाणूपेक्षा काकणभर पुढे गेले. खाद्यच अपुरं असताना वाढ टी-आरएनएमुळे अडत नाही, अडते ती मालामुळे. मग जास्तीचे टी-आरएनए घडवणं हा निव्वळ खर्च ठरतो. आण्णांना हा निष्कर्ष मी सांगू शकले असते तर त्यांना तो समजावून द्यावा लागला नसता.

उपमा ताणू नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. कारखान्यात टोळ्या माणसांच्या असतात. कोयता खाली ठेवून गावी परतणाऱ्या जोडप्याला आणि उचलीच्या ओझ्याला ‘खर्च’ म्हणून मिटवता येत नाही. पेशीत जनुक गळून पडलं तर कुणाचं पोट मारलं जात नाही. मी उसाचा दाखला देते तो गाड्या आणि गव्हाणीच्या मेळापुरताच, आणि वाचकाने तो तेवढाच घ्यावा.

या हिशोबाचे धागे दूरवर जातात. क्षयाचा जीवाणू घ्या. त्याला दुप्पट व्हायला सुमारे वीस तास किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणूनच क्षयाच्या कल्चरचा अहवाल यायला आठवडे जातात. त्याच्याकडे टी-आरएनएची ४५ जनुकं आहेत आणि रायबोसोमी आरएनएच्या जनुकांचा संच एकच, ई. कोलायकडे असे ७ संच आहेत. त्याच्या संथपणाचं हे एकमेव कारण नाही, जाड मेणचट कवच वगैरे बाकीचंही आहे. पण त्याने आयुष्याची मांडणीच दुष्काळी केलेली आहे, हे त्याच्या जनुकसंचात वाचता येतं. एदुआर्दो रोशा यांनी २००४ मध्ये अनेक जीवाणू ताडून पाहिले: वेगाने वाढणाऱ्यांकडे टी-आरएनएची जनुकं जास्त, पण प्रकार कमी. ज्या मालाची मागणी आहे त्याच्याच गाड्या वाढवायच्या. पुढे २०१० मध्ये सारा व्हिएरा-सिल्वा आणि रोशा यांनी उलटा रस्ता धरला. सर्वाधिक वापराच्या जनुकांत कोडॉनची निवड किती काटेकोर आहे, एवढं पाहून त्या जीवाणूची वाढ कमाल किती वेगाने होऊ शकते याचा अंदाज त्यांनी बांधला. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याची गरज नाही. त्याचा डीएनए वाचला तरी चालतो.

माणसाच्या पेशींबद्दल २०१४ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या यित्झाक पिल्पेल यांच्या गटाने असंच काहीसं मांडलं: विभागणाऱ्या पेशी एका तऱ्हेचे टी-आरएनए वाढवतात, स्थिरावलेल्या पेशी दुसऱ्या तऱ्हेचे. कॅन्सरच्या अभ्यासकांनी त्यात रस घेणं साहजिक होतं. पण त्याविरुद्धही मोजमापं पुढे आली, आणि मला स्वतःला हा वाद मिटलेला वाटत नाही. म्हणून त्या प्रकरणात मी दोन्ही बाजू ठेवल्या आहेत आणि निकाल दिलेला नाही.

भाषेबद्दल थोडं. कोडॉन, रायबोसोम, टी-आरएनए हे शब्द मी तसेच ठेवले. त्यांना संस्कृत नावं देता आली असती, पण मग वाचकाला दोनदा शिकावं लागलं असतं. जिथे गावात शब्द होता तिथे गावाचा घेतला. गव्हाण, उचल, गाळपेर हे शब्द या पुस्तकात वारंवार येतील. धरण उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर जे पीक घेतात ते गाळपेर. पाणी परत यायच्या आत हाताशी येईल असंच तिथे पेरतात, आणि त्यावर फार खर्च करत नाहीत. जीवाणूंच्या दुष्काळी चालीला याहून नेमका शब्द मला कुठल्याच ग्रंथात सापडला नाही.

शेवटचं प्रकरण उजनीच्या हिरव्या पाण्याचं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून येतं, आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं की काठावर हिरवी साय धरते, वास मारतो, जनावरं तोंड लावत नाहीत. ही साय धरणारे नीलहरित जीवाणू ई. कोलायच्या मानाने संथच वाढतात. ते वर गोळा होतात ते पेशीतल्या हवेच्या पोकळ्यांनी तरंगून. म्हणजे डोळ्यांना दिसणारा हिरवा रंग वेगाची खूण नव्हे. वेगाने वाढणारे कोण, ते सांडपाण्यासोबत येतात की पहिल्या पुरासोबत, हे त्या पाण्यातल्या डीएनएच्या शब्दांत शोधावं लागेल. त्यासाठी पाणी कुठून, किती खोलीवरून, कसं घ्यायचं, थंड कसं ठेवायचं, हे मी टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे, म्हणजे कुगाव, कंदर किंवा कळाशीच्या कुण्या मुलीला होडीवाल्याशी बोलून ते करता येईल. तिला दोन बाटल्या लागतील. एक मायनसच्या दिवसांतली, एक प्लसच्या.